पुढचा बांबू कोणाचा?

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो, आणि सगळ्यात आधी मला जगनची तक्रार करायची आहे. हा माणूस देवळाच्या ओट्यावर बसून छाती काढून सांगायचा, "माजी आय माज्याच घरात ऱ्हानार. मी तिला कुठं टाकनार नाय." ऐकणारे माना डोलवायचे. पण आई अंथरुणाला खिळल्यावर दोन वर्षांत त्याने तिला एकदा तरी कुशीवर वळवलं का, ते मला विचारा. त्याची आई हिराबाई माझ्यावरच निजायची. कोणाचे हात लागतात आणि कोणाचे नाहीत, ते मला बरोबर कळतं.

माझा जन्म सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. धाऊ सुताराने ऐनाच्या लाकडाचे चार पाय तासले, बांबूच्या कडा बसवल्या, आणि घरात नवी सून म्हणून आलेल्या हिराबाईने स्वतः सुंभ ओढून मला विणलं. तिची सासू म्हणाली, "बाईमानसाची वीण. आठ दिवसांत झोळी व्हईल." पुढे सासूची कंबर वाकली, मी ताठच राहिले.

माझ्यावर बाळंतिणी निजल्या, पोरं झोपली, मिरच्या वाळल्या. पाड्यावर तेव्हा गाडी येत नव्हती. कोणी आजारी पडलं की माझ्याखाली दोन लांब बांबू बांधायचे आणि चौघांनी खांद्यावर घेऊन मला खाली डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं. रीत अशी, की पुढच्या बांबूला पहिला हात घरच्या मुलाचा. त्याने लावल्याशिवाय दुसरं कोणी पुढे होत नाही. साप चावलेला नथू माझ्यावरून गेला आणि आपल्या पायांनी चालत परत आला. लोक म्हणायचे, हिराबाईच्या बाजेचा पायगुण चांगला. चार पाय आहेत, गुण असणारच!

मग जगन मुरबाडच्या एका कंपनीत लागला. लोखंडी पलंग आला, गादी आली आणि मी गोठ्यात गेले. माझ्यावर कोंबड्या बसायच्या. त्या काय काय करायच्या, ते मी इथे सांगत नाही.

पुढे हिराबाईला लकवा झाला. डावी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली, उलट जास्तच चालायला लागली. गादीवर पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या. तेव्हा जगनची बायको प्रेमा हिने मला गोठ्यातून ओढून काढलं, घासून धुतलं, सुंभ आवळलं. माझ्या विणीतून वारा लागतो. जखमा हळूहळू सुकल्या. म्हातारीला वळवायचं, उचलायचं, पुसायचं, भरवायचं, सगळं प्रेमा एकटी करी.

मित्रांनो, बाजेच्या एकाच कडेला सगळे रोज बसले, तर तिथलं सुंभ तुटतं. दुसरी कड मात्र नवीच्या नवी दिसते. प्रेमाचं तेच झालं, उचलून उचलून तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटाचं ऑपरेशन करायला हवं, आणि त्यानंतर दोन महिने वजन उचलायचं नाही.

"मग आयचं कोन करील?" जगनने विचारलं. स्वतःचं नाव काही त्याच्या तोंडात आलं नाही. "ऱ्हाऊ दे. पुढल्या वर्षी बगू."

प्रेमा खाली मान घालून बसली. हिराबाई कसली बसते! लस टोचायला नर्सबाई पाड्यावर आली, तशी तिला माझ्याजवळ बोलावून म्हणाली, "बाय, आजारी म्हातारीला थोडं दिस ठेवून घेनारं कोनी हाय का गो?"

नर्सबाईच्या माहितीत सापगावजवळ आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक घर होतं. तिथली माणसं दोन महिने सांभाळायला तयार झाली. बाजही घेऊन या, म्हणाली. ही दोन हजार तीन सालची गोष्ट.

ठरल्या दिवशी जीप खाली रस्त्यावर येऊन थांबली. परवावर प्रेमाचं ऑपरेशन. शेजारच्या लखमाने बांबू बांधले, आणखी तिघे येऊन उभे राहिले. आणि जगन? तो समोरच्या देवळाच्या ओट्यावर पाठ फिरवून बसला.

"लोक माज्या तोंडावर थुकतील. मी हात नाय लावनार."

त्याला पक्कं ठाऊक होतं, तो उठला नाही तर बाज हलणार नाही. लखमा जमिनीकडे बघायला लागला. प्रेमाने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात शेजारच्या गंगीने गळा काढला, "जित्या मानसाला घराबाहेर काडतात गो!"

"गप गो गंगे," हिराबाई कडाडली. "मेलेलं मानूस मिश्री लावतं काय?" आणि तिने मिश्रीचं काळं बोट गंगीसमोर नाचवलं. मग सुनेकडे वळली.

"प्रेमा, पुढल्या बांबूला हात लाव. उचलू नको, नुसता लाव."

"आय, मी? मी तर सून."

"दोन वर्सं माज्या पोराचं काम कोन करतं? लाव हात!"

प्रेमाने हात लावला. मग लखमा पुढे झाला, तिच्या हाताशेजारी त्याने खांदा दिला, मागोमाग तिघांनी दिला, आणि मी वर उठले. मी मुद्दाम करकरले, ओट्यावर ऐकू जावं म्हणून.

मित्रांनो, घरात कोणी अंथरुणावर असेल तर त्याची चौकशी कराच. पण त्याला उचलणारीची पाठ कशी आहे, तेही विचारा. नुसतं विचारून थांबू नका, हात लावा.

ओट्यासमोर येताच हिराबाईने मला थांबवायला लावलं. जगन अजून पाठमोराच होता.

"हिकडं बग रे जगन. मला कोनी टाकली नाय, मी माज्या बाजेवर बसून चालले. तुला लाज वाटत असल, तर दोन महिने प्रेमाला भात रांधून वाड, जाईल लाज. आनि मला आनायला येशील तवा पुढला बांबू तुजा. खांदा आनशील, तरच ये."