जाहिरातीआधीचे उत्तर

शहरातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर दर रविवारी सकाळी 'असं का?' हा कार्यक्रम लागायचा. ऐकणाऱ्यांनी फोन करून मनातली शंका विचारायची आणि निवृत्त विज्ञानशिक्षक असलेल्या मास्तरांनी तिचे उत्तर द्यायचे. मांजर उंचावरून पडले तरी पायांवरच कसे उतरते, कांदा चिरताना रडू का येते, एकाची जांभई दुसऱ्याला का लागते. मास्तर कुठल्याच प्रश्नाला फालतू म्हणत नसत. मुले त्यांना रेडिओआजोबा म्हणत.

उत्तर देण्याची त्यांची एक रीत होती, शाळेपासूनची. आधी लोकांचा चुकीचा समज अगदी खरा वाटेल असा रंगवून सांगायचा. वर्गातल्या माना डोलू लागल्या की टेबलावर हात आपटून म्हणायचे, "आणि हे सगळं साफ चूक!" रेडिओवर आल्यावर निवेदिकेने त्यात भर घातली. "सर, समज सांगून झाला की मी जाहिराती लावते. खरं उत्तर जाहिरातींनंतर. मग बघा, कुणी जागचं हलतंय का!" मास्तरांना गंमत वाटली. वर्गाचे दार लावून घेता येते. रेडिओचे बटण मात्र ऐकणाऱ्याच्या हातात असते, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले नाही.

त्या रविवारी पहिलाच फोन एका मुलीचा आला.

"रेडिओआजोबा, मी मागच्या रविवारीपण केला होता. चिमणीवाली."

"अगं हो! विजेच्या मीटरवर घरटं, आणि पिल्लू खाली पडलं होतं." मास्तर खुलले. "काय म्हणतंय आमचं पिल्लू? चिवचिवाट करून घर डोक्यावर घेतलं असेल!"

"नाही. मेलं ते."

समोर बसलेल्या निवेदिकेने मान वर केली.

"पण मी तुम्ही सांगितलं तसंच केलं हं," मुलगी घाईघाईने म्हणाली. "मुळीच हात नाही लावला. ताई उचलायला गेली तर मी तिचा हातच धरून ठेवला. म्हटलं, माणसाचा वास लागला की चिमणी पिल्लाला घरात घेत नाही, टोचून मारते, रेडिओआजोबांनी सांगितलंय. चिमणी वरून नुसती ओरडत होती. तिला कुठे उचलता येतं? मग मुंग्या आल्या. आता ताई म्हणते, तुझ्यामुळे मेलं. तुम्ही सांगा ना तिला, मी बरोबर केलं म्हणून. ती ऐकतेय. मी स्पीकर लावलाय."

मास्तरांना आठवले, हा समज त्यांनी मागच्या रविवारी जाहिरातींआधी रंगवून सांगितला होता.

"बाळ, जाहिराती संपल्यावर मी काय म्हणालो, ते नाही ऐकलंस?" विचारले मात्र आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपली चूक पोरीच्या पदरात टाकायला निघालो होतो.

"उत्तर झालं होतं ना! मी रेडिओ बंद करून खाली पळाले. कोणी हात लावू नये म्हणून."

राखण करायला पळाली होती ती.

निवेदिकेने चटकन माईक बंद करून एक धून लावली. "सर, 'शहाणी गं' म्हणा आणि विषय संपवा. लेकरू आहे ते. पिल्लू काही परत येणार नाही. उगीच तिच्या जिवाला घोर कशाला?"

मास्तरांनाही तेच हवे होते. दोन शब्दांत पोरगी हसली असती, आणि त्यांचीही सुटका झाली असती. पण मग ताई खोटी ठरली असती. आणि पुन्हा एखादे पिल्लू पडले, की ही पोर पुन्हा हात मागे घेऊन बसली असती. मैत्रिणींनाही तेच शिकवले असते.

"लाव माईक," ते म्हणाले.

"दोघीही ऐका. माणसाचा हात लागला म्हणून चिमणी पिल्लाला टाकत नाही. लोक म्हणतात, पण ते खरं नाही. ताईचं बरोबर होतं. पिल्लू उचलून घरट्यात ठेवायला हवं होतं."

मास्तर माईकजवळ सरकले.

"पण तुझं चुकलेलं नाही, बाळ. तू विचारलंस, आणि ऐकलंस तशी वागलीस. चुकलो मी."

"तुम्हाला खरं माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

"मग आधी का नाही सांगितलं? ते खाली पडलेलं होतं ना!"

निवेदिका टेबलाकडे पाहत राहिली.

"लोकांनी पुढे ऐकत राहावं म्हणून," मास्तर म्हणाले. "आणि मला त्यात मजा वाटायची."

फोनवर मुसमुसणे ऐकू आले. मग एका बाईचा आवाज. "मी तिची आई बोलतेय. दोघी रडतायत इथे. अहो, गोड बोलून वेळ मारून नेली असती तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"माझं काहीच बिघडलं नसतं," मास्तर म्हणाले.

"आई, दे ना इकडे! मला विचारायचंय." नाक ओढत मुलगी परत आली. "घरट्यात अजून पिल्लं आहेत. एखादं पडलं तर मी उचलू? माझ्या हाताने?"

निवेदिकेने घड्याळाकडे बोट दाखवले. जाहिरातींची वेळ झाली होती. मास्तरांनी हाताने तिला थांबवले.

"तुझ्याच हाताने. अंगावर पिसं आलेली नसतील, तर अलगद उचलायचं आणि घरट्यात ठेवायचं. मीटरला हात लावायचा नाही, आईला चढायला सांग. पिसं आलेली असतील, तर ते उडायला शिकतंय. त्याला तिथेच राहू द्यायचं, फक्त मांजरावर लक्ष ठेवायचं."

"आणि नंतर हे चूक आहे म्हणून सांगणार नाही ना?"

"नाही गं. एवढंच आहे."

"नक्की?"

"नक्की."

जाहिराती सुरू झाल्या. निवेदिकेने फोनच्या दिव्याकडे पाहिले. तो अजून पेटलेला होता. साबणाची जाहिरात झाली, मग चपलांच्या दुकानाची, मग दवाखान्याची. मुलगी फोन न ठेवता, रेडिओ बंद न करता, सगळ्या जाहिराती शेवटपर्यंत ऐकत राहिली.