तिनानाने विणलेली वादी

तिनानाने कोरणी बाजूला ठेवली आणि वॉलरसचा सुळा फडक्याने पुसून थोरल्या दिरापुढे सरकवला.

"बघा भाऊजी. चुकलं असेल तर आत्ताच सांगा. एकदा रंग भरला की काही करता येत नाही."

युएलेन गावच्या सुळे कोरायच्या कारखान्यात तशी रीतच होती. बायका चित्र कोरत, पण त्या शिकारीच्या होडीतल्या कुणी तरी ते खरं म्हटल्याशिवाय रंग चढत नसे. हे चित्र गेल्या उन्हाळ्यातल्या शिकारीचं होतं, आणि त्या होडीत सुकाणूवर हा दीर, ओम्रिनच होता.

सुळ्यावर सगळं होतं. भाला लागलेला वॉलरस बुडी मारतोय. भाल्यापासून होडीपर्यंत आलेल्या वादीत पाय अडकून तिचा नवरा रिन्तिन पाण्यात ओढला गेलाय. आणि त्याच्या नि होडीच्या मधे वादी तुटलीय. टोकाचे धागेसुद्धा तिने सुटे कोरले होते. ती वादी तिनेच सीलच्या कातड्याची विणली होती, पीळ देऊन, दातांनी ओढून तपासली होती. नवऱ्याला परत खेचून घेईल एवढा जोर काही त्या वादीत निघाला नाही. तेव्हापासून गावात कुणी तिच्याकडून वादी घेत नव्हतं.

"शेजारची म्हणते, तिनानाच्या हातचं असलं तर आम्ही आपले किनाऱ्यावरच बरे," ती म्हणाली. "म्हणू दे. आहे ते कोरलंय."

ओम्रिनपुढचा चहा निवून गेला. मग त्याने तिची कोरणी उचलली. पुरुषाने ती उचललेली तिने कधी पाहिली नव्हती. त्याने वादीचे सुटे धागे एकेक करून खरवडले आणि टोक सरळ केलं. चित्रातल्या सुकाणूवरच्या माणसाच्या हातात एक आखूड रेघ ओढली. वाकडीतिकडी, पण सुरी आहे हे कळत होतं.

"होडी कलंडत होती," तो म्हणाला. "आम्ही सहा जण होतो."

"म्हणजे वादी तुटली नव्हती."

"तुटणारी नव्हतीच ती."

तिनानाच्या छातीवरचं ओझं उतरलं. वर्षभरात पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला, इतका की ती जवळजवळ हसलीच.

रिन्तिनची आठवण तिला त्यानंतर झाली. तिने झटकन मान खाली घातली. ओम्रिन रंग भरायची काळी पेन्सिल तिच्यापुढे धरून उभा होता, आणि तिचा हात काही पुढे होईना.