उतावळा हेलियम

ताई स्फटिक वाढवते आणि मी ते बिघडवते. एकाच प्रयोगशाळेत दोघी सख्ख्या बहिणी म्हटल्यावर लोकांना गंमत वाटते. आम्हाला वाटत नाही. तिचे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे स्फटिक पाण्यासारखे नितळ असतात. नव्या अणुभट्टीत डोकावायची खिडकी त्यांचीच व्हावी म्हणून तिने वर्षानुवर्षं हाडाची काडं केली.

अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा खाऊन परत आलेले तुकडे मी माझ्या छोट्या विजेच्या भट्टीत तापवते. माऱ्याने स्फटिकातले अणू जागचे उठतात आणि मोकळ्या जागांत तिथेच तयार झालेला हेलियम ठाण मांडून बसतो. फार साठला तर त्याचे बुडबुडे होतात, स्फटिक फुगतो आणि एक दिवस तडकतो. किती साठलाय ते कळायला तुकडा तापवून बाहेर पडणारा हेलियम यंत्राने मोजावा लागतो, आणि एकदा तापवला की तो कामातून गेला. आमच्याकडे दोनच होते.

शुक्रवारी पहिला तापवला आणि हेलियम मर्यादेच्या कितीतरी वर गेला. मोठ्या साहेबांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "सोमवारच्या बैठकीत खिडकीचं काम दुसऱ्यांना देऊन टाकू." ताईचा चेहरा पडला. मी आलेखाच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं.

"साहेब, भट्टी नीट तापलीही नव्हती आणि वायू बाहेर? अडकलेला वायू इतका उतावळा नसतो. हा बाहेरून आलाय."

"कुठून?"

ते मला सांगता येईना. "बहिणीची बाजू घेताय," ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या संध्याकाळी भाचीचा वाढदिवस होता. रागाच्या भरात मी तिकडे फिरकलेच नाही. शनिवारी सकाळी ताईकडे जाऊन उरलेला केक खायला बसले, तर भाची, म्हणजे आमची ठकी, रडवेली होऊन आली.

"मावशी, फुगे बघ ना! काल छताला होते."

फुगे जमिनीवर लोळत होते. मी चमचा खाली ठेवला.

"ताई, हे फुगे कुठे भरलेस?"

ताई चहा ओतायची थांबली. तिलाही तेव्हाच कळलं.

"प्रयोगशाळेत, तुझ्या शेजारच्या खोलीत. काल दुपारी. फुग्याचं तोंड हेलियमच्या सिलेंडरला नीट बसेना गं, अर्धा वायू खोलीतच गेला."

हेलियमला रबराची आडकाठी नसते. फुग्यातून निघून जातो, तसाच माझ्या यंत्राच्या रबरी कड्यांमधून आत शिरतो. दोन खोल्यांमध्ये एकच दार, तेही सदा उघडं. मला हसू आवरेना.

ताई हसली नाही. सिलेंडरवर 'खासगी कामासाठी हात लावू नये' ही पाटी तिनेच चिकटवली होती, आणि त्यावरून एका सहकाऱ्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं.

"मी तोंड कुठे लपवू? माझं नाव घ्यायचं नाही. घे शपथ."

घेतली. बहीण आहे, काय करणार!

रविवारी सगळ्या खिडक्या उघडून खोलीत मोकळी हवा खेळवली. आधी रिकामी भट्टी तापवली, रेघ सपाट. मग शेवटचा तुकडा ठेवला. भट्टी लालभडक होईपर्यंत रेघ हलली नाही. नंतर उंचवटा आला, यायला हवा होता तिथेच, आणि मर्यादेच्या बराच खाली. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

सोमवारी साहेबांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. "पहिला वाईट, दुसरा छान. खोलीत हेलियम होता म्हणता, पण तो आला कसा ते सांगत नाही. त्यात तुम्ही तिची बहीण. मी विश्वास कोणावर ठेवू?"

आयुष्यात मला उत्तर माहीत असून गप्प बसायची वेळ कधी आली नव्हती. खिडकी हातची चालली होती. मी ताईकडे पाहिलंही नाही.

ताई उठली. कानापर्यंत लाल झाली होती.

"तिच्यावरच ठेवा, साहेब. शुक्रवारी सिलेंडर मी उघडला, मुलीचे फुगे भरायला. आणि बहिणीची बाजू म्हणाल, तर माझ्याच घरात, माझ्याच मुलीचा केक खाता खाता तिने मला पकडलंय."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "पाटी जरा मोठी करा," म्हणाले, आणि ताईच्या खिडकीवर सही केली.