उत्तरेकडचा गोल

मित्रांनो, निलंग्यात आमच्या कॉलेजच्या मैदानावर उत्तरेच्या टोकाला लोखंडी पाइपांचा एक गंजलेला गोल उभा आहे. उजव्या खांबाला दोरी बांधून झाडलोट करणाऱ्या साखराबाई त्यावर पोछ्याची फडकी वाळत घालतात. तो गोल म्हणजे मी. लोक म्हणतात, लोखंडाला काय कळतं. कळतं. फक्त बोलता येत नाही, आणि जागचं हलता येत नाही. माझी सगळी चिडचिड तेवढ्यातच आहे.

तेवीस वर्षांपूर्वी महेबूब वेल्डर यांनी आम्हा दोन गोलांना एकाच दिवशी बनवलं. एकाच गाडीतून आलेले पाइप, एकच माप. आठ फूट उंच, चोवीस फूट रुंद. मला उत्तरेला पुरलं आणि त्याला दक्षिणेला. मधे शंभर मीटरची काळी माती. त्यामुळे आम्ही एकमेकांना कधी शिवलो नाही. सकाळी उजाडलं की समोर तो दिसायचा, एवढंच. पण तेवढं पुरायचं. चेंडू त्याच्याकडे गेला की मी मोकळा आणि माझ्याकडे आला की तो मोकळा. सतरा वर्षं असंच चाललं.

आम्हाला उभं करून घेतलं ते खेळाचे शिक्षक गुरुपादप्पा सरांनी. सर याच तालुक्यातले, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावचे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र बसस्टँडपर्यंत जाणारा. राग आला की मराठी सोडून कानडीत बोलायचे. आधी ते बिलोलीला होते. तिथे त्यांनी फुटबॉल सुरू केला आणि तीन वर्षांत मैदानावर इमारत उभी राहिली. मग आमच्या संस्थेने त्यांना निलंग्याला आणलं. इथल्या पोरांना तेव्हा क्रिकेट आणि कबड्डी एवढंच ठाऊक होतं. सर पहाटे स्वतः फक्की घेऊन पांढऱ्या रेषा मारायचे. पहिल्या वर्षी अकरा पोरं जमली नाहीत म्हणून कॅन्टीनवाल्याच्या भाच्याला गोलकीपर केलं होतं. पहिला सामना नऊ गोलांनी हरले. सर म्हणाले, "नऊच का? मला वाटलं बारा होतील. सुधारणा हाय."

पुढे संघ चांगला झाला. दोनदा नांदेडला विद्यापीठाच्या स्पर्धेत गेला. मोठ्या गावची पोरं विचारायची, "निलंग्यात फुटबॉल हाय का?" आमची पोरं सांगायची, "हाय की. दोन गोल हायत, या बघायला." त्या काळात मला दर दिवाळीला पांढरा रंग मिळायचा. माझं कौतुक एवढंच झालं, पण मला ते खूप वाटायचं.

सहा वर्षांपूर्वी प्राचार्य उमाशंकर सरांनी दक्षिणेच्या टोकाला गाड्यांसाठी शेड करायचं ठरवलं. प्राध्यापकांच्या गाड्या उन्हात तापत होत्या, हे खरं होतं. पण शेडला खांब हवे होते आणि खांब समोरच उभे होते. एका दुपारी दोन माणसं कटर घेऊन आली. ठिणग्या उडाल्या. मला वाटलं, दुरुस्ती असेल. मग आडवी दांडी खाली पडली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याच पाइपांवर पत्रे ठोकले आणि खाली स्कूटर लावल्या.

तो गेला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण तो आहे. समोर आहे. डोक्यावर पत्रे घेऊन उभा आहे आणि त्याच्याकडे चेंडू जात नाही.

सर तेव्हा नांदेडला बैठकीला गेले होते. परत आले आणि मैदानाच्या मधोमध उभे राहिले. साखराबाई झाडू टेकवून म्हणाल्या, "सर, तुमचं एक लेकरू नेलं बघा."

"दुसरं हाय ना," सर म्हणाले. "एकावर भागवू."

मित्रांनो, इथेच चूक झाली. सरांची एकच चूक, पण ती सहा वर्षं रोज झाली. एकच गोल उरला, म्हणून सरांनी अर्ध्या मैदानात सराव सुरू केला. दोन्ही बाजूंच्या पोरांनी माझ्याकडेच मारायचं. चेंडू ताब्यात आला की मधल्या रेषेपर्यंत मागे न्यायचा, वळायचं आणि उत्तरेला मारायचं. पोरं येत गेली, जात गेली. सगळ्यांच्या पायाला एकच दिशा लागली. बाहेर सामन्याला गेले की गडबड व्हायची, पण सर म्हणायचे, "होईल सवय." मला दिसत होतं. मी रोज मोजत होतो, ऐंशी-ऐंशी चेंडू, सगळे माझ्यातच. मला ओरडून सांगायचं होतं की यांना जरा पाठमोरं करा. पण कसं सांगणार?

गेल्या हिवाळ्यात विभागीय सामना आमच्या कॉलेजकडे आला. समोर उदगीरचा संघ. प्राचार्य मैदानावर येऊन सरांना म्हणाले, "गुरुपादप्पा, सरळ बोलतो. हा सामना जिंकून पोरं नांदेडला गेली, तर दुसरा गोल मी स्वतः उभा करून देतो. हरलात, तर फुटबॉल बंद. उरलेल्या जागेवर सभागृह बांधायचं चाललंय."

"शब्द?"

"शब्द."

सरांनी मान हलवली. ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. सहा वर्षांनी कुणीतरी समोर उभं राहण्याची गोष्ट निघाली होती.

शेडच्या पुढे दोन बांबू रोवले, वर सुतळी ताणली. तो तात्पुरता दक्षिण गोल. उदगीरचे सर हसले, "हे काय, मांडव टाकून राहिलात का?" तरी त्यांनी चालवून घेतलं.

पहिल्या अर्ध्या वेळात आमच्या पोरांना माझ्याकडे मारायचं होतं. ती तर त्यांची रोजची वाट. सतराव्या मिनिटाला बजरंगने गोल केला. बजरंग म्हणजे औराद रस्त्यावरच्या वस्तीचा पोरगा, बचावफळीत खेळणारा, पायात घोड्याची ताकद. एक शून्य. साखराबाईंनी फडकं हवेत फिरवलं.

मध्यंतरात सर सगळ्यांना घेऊन बसले. "आता बाजू बदलली. कुठं मारायचं?"

"बांबूकडं!"

"मोठ्यानं!"

"बांबूकडं, सर!"

आमचा गोलकीपर फरहान माझ्यात येऊन उभा राहिला. हातावर थुंकी लावून त्याने माझ्या दोन्ही खांबांना थाप मारली. आता मला राखायचं होतं. उदगीरने एक गोल केला, बरोबरी झाली. मग वीस मिनिटं नुसती धूळ. शेवटची दोन मिनिटं उरली असताना चेंडू माझ्यासमोर मोकळा पडला. बजरंग तिथे एकटा होता. आजूबाजूला कुणी नाही. चेंडू कुठेही लाथाडला असता तरी चाललं असतं.

त्याने चेंडू थांबवला. वळला. त्याच्या डोळ्यांसमोर मी होतो, सहा वर्षं नाही पण त्याची तीन वर्षं रोज होतो तसाच. त्याने मारला. उजव्या वरच्या कोपऱ्यात, दांडीच्या चार बोटं खाली. फरहान वळून बघेपर्यंत जाळी हलली.

बजरंग दोन्ही हात वर करून धावत सुटला. दहा पावलं धावला आणि थांबला, कारण बरोबर कुणीच धावत नव्हतं.

आधी उदगीरची पोरं हसली. मग आमच्या कॉलेजची. शेडखाली उभे असलेले दोन प्राध्यापक पोट धरून हसले. मित्रांनो, माझ्यात एवढा सुंदर गोल कधी झाला नव्हता आणि तो मला परत द्यायचा होता. मी लोखंडाचा. मला तोंड फिरवता आलं नाही.

फरहान रडकुंडीला येऊन सरांना म्हणाला, "सर, मय क्या करता? सामनेवाला रहता तो रोकता. ये तो अपनाइच था!"

"गप बस," सर म्हणाले. "तुझी चूक न्हाई." मग बजरंगकडे गेले. तो खाली बसला होता, तोंड गुडघ्यांत. "बजरंग, ऊठ. तू बरोबर मारलास. मी शिकवलं तसंच मारलास. दिशा माझी चुकली."

"समदे हसून राहिले, सर."

"हसू दे. मलाबी हसून राहिलेत. आपण दोघं हावोत."

दुसऱ्या दिवशी फुटबॉल बंद झाल्याचा कागद सूचना फलकावर लागला. आणि त्याच सकाळी साडेसहाला सर सगळ्या पोरांना घेऊन मैदानावर आले. शेडखाली गाड्या अजून यायच्या होत्या. सरांनी पोरांना माझ्याकडे पाठ करून उभं केलं आणि समोर शेडकडे बोट दाखवलं. "ते दोन खांब दिसतेत? त्यांच्या मधून."

चेंडूंवर चेंडू पत्र्यांखाली गेले. एक थेट खांबाला लागला. टण्ण. सहा वर्षांनी त्याचा आवाज आला. मी ओळखला.

आठव्या दिवशी प्राचार्य लवकर आले. "सर, हे काय चालवलंय?"

"सराव."

"कशाचा? फुटबॉल बंद झाला ना!"

"कागदावर झाला. पोरांच्या पायात उलटा गोल बसलाय, साहेब. सहा वर्षं मीच बसवला. तेवढा काढून देतो, मग खुशाल बंद करा."

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"हाव. कळून राहिलंय. म्हणून तर हळू बोलतोय."

पोरं खाली बघून हसली. महिन्याच्या आत सरांच्या बदलीचा आदेश आला. संस्थेची एक शाळा किनवटकडे जंगलात आहे, वसतिगृहाची. तिथे. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. जायच्या दिवशी सर माझ्याकडे आले नाहीत. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. माणूस आपल्या चुकीजवळ किती वेळ उभा राहणार?

आता मैदानावर सभागृहासाठी खुणा मारल्या आहेत. बजरंग आणि फरहान अजून संध्याकाळी येतात, माझ्याकडे पाठ करून खेळतात. परवा फरहानने विचारलं, "सर का फोन आया?"

"आल्ता," बजरंग म्हणाला. "तिकडं पोरं लई हायत म्हने. चेंडूबी नेलाय सरांनी. पण पेटीतून काढला न्हाई अजून."

"काहेको?"

"सागाचे खांब तासून राहिलेत. म्हनले, आधी दोन गोल उभे करीन. मग चेंडू काढीन. तंवर पोरं नुसती पळतेत."

फरहानने चेंडू शेडकडे मारला. मग म्हणाला, "अच्छा किया."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत मैदान असेल. त्याचा एखादा कोपरा कशासाठी तरी मागितला जाईल. मागणारा माणूस वाईट असतोच असं नाही. गाड्या खरंच तापतात. पण देण्याआधी विचारा, त्या कोपऱ्यात काय उभं आहे आणि त्याच्या समोर काय उभं आहे. मला रंग नको, नवी जाळी नको. माझ्यासमोर कुणी उभं करणार असाल तर मला ठेवा. नसेल जमत तर मलाही कापून न्या, मी तक्रार करणार नाही. पण मला एकट्याला उभं ठेवून खेळू नका. पोरं चुकीचं शिकतात.