बाण निवड समिती

आत्माराम तळवडेकरांनी मंत्रालयात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत एकही निर्णय एकट्याने घेतला नाही. याचा त्यांना रास्त अभिमान होता. खात्यातला पंखा बदलायचा असला तरी ते समिती नेमायचे. समिती त्या बंद पंख्याखाली बसायची, घाम पुसायची आणि पंखा बदलावा अशी एकमताने शिफारस करायची. तोवर थंडी पडलेली असायची.

निवृत्तीनंतर मुलीने, उन्नतीने, त्यांना धनुष्य भेट दिलं. भेट असल्यामुळे निर्णयाचा प्रश्न आला नाही. धनुष्य शिकारीचं होतं, पण शिकारीला कायद्याने बंदी. त्यामुळे तळवडेकर पापडीच्या नेमबाज मंडळात दाखल झाले. तिथली जनावरं स्पंजची. मंडळाचे अध्यक्ष बॅप्टिस्ट यांचा सातिवलीला गाद्यांचा कारखाना होता. उरलेल्या स्पंजातून ते बिबटे, भेकरं, रानडुकरं कापायचे आणि आपल्या केळीच्या वाडीत ओळीने उभी करायचे. दिसायला सगळीच थोडी उशीसारखी होती, पण डोळे बॅप्टिस्ट स्वतः रंगवत आणि ते फार करुण असत.

मंडळाचा एक नियम होता. लागोपाठ तीन स्पर्धांत शून्य गुण मिळाले, की त्या सभासदाने वर्षभर धनुष्याला हात लावायचा नाही, इतरांना कोकम सरबत द्यायचं. तळवडेकरांची दोन शून्यं झाली होती. पहिल्या खेपेला त्यांचा बाण शेजारच्या पाण्याच्या टाकीत गेला. दुसऱ्या खेपेला ते वाऱ्याची दिशा पडताळत बसले आणि वेळ संपली. आता तिसरी स्पर्धा दहा दिवसांवर होती आणि सरबताचा ट्रे त्यांना स्वप्नात दिसू लागला होता. ट्रेवर त्यांच्या हुद्द्याची पाटी असायची.

"दोष बाणांचा आहे," त्यांनी जाहीर केलं. "कार्बनचे बाण घ्यायचे. शिकारी लोक वापरतात ते."

"मग घ्या की," त्यांच्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या.

तळवडेकरांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि बाण निवड समिती स्थापन केली. अध्यक्षपद मनोरमाबाईंकडे, सदस्य बॅप्टिस्ट आणि उन्नती. पहिली बैठक तळवडेकरांच्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटवर साबुदाण्याच्या वड्यांसह भरली. टेबलावर माहितीपत्रक होतं. मुखपृष्ठावर एक परदेशी गृहस्थ मेलेल्या रानडुकराशेजारी बसून हसत होते. रानडुक्कर हसत नव्हतं.

"प्रत्येक बाणावर नंबर असतो," उन्नती म्हणाली. "तीनशे चाळीस, पाचशे, सातशे. बाण किती वाकतो त्याचा. नंबर मोठा तेवढा बाण जास्त वाकतो. तुमच्या धनुष्याची ताकद आणि हाताची लांबी बघितली तर पाचशे. तक्त्यात दिलंय."

"तक्ता कोणी बनवला?" तळवडेकरांनी विचारलं.

"बाणाच्या कंपनीने."

"म्हणजे हितसंबंध आले."

बॅप्टिस्टनी वडा खाली ठेवला. "पोरी, मी तीस वर्षं स्पंजात आहे. स्पंजाचा नंबर मोठा तेवढा स्पंज कडक. बत्तीसवर माणूस खाली जातो, चाळीसवर वर राहतो. सातशे म्हणजे काय दगड असेल. तोच घ्यायचा. मला सांगू नको."

"अंकल, बाण म्हणजे गादी नाही."

"शेवटी लागणार कुठे? स्पंजातच ना?"

मनोरमाबाईंनी माहितीपत्रकासोबत आलेले तीन नमुने एकेक करून टेबलाच्या कडेवर दाबून पाहिले, भेंडी पाहतात तसे. "हा तीनशे चाळीसवाला घ्या. मुळीच वाकत नाही. वाकणारा बाण काय करायचाय? घरात एक वाकणारा माणूस आहे तेवढा पुरे."

तीन सदस्य, तीन मतं. असा पेच तळवडेकरांनी आयुष्यभर एकाच पद्धतीने सोडवला होता. कोणालाही दुखवायचं नाही. स्पर्धेत सहा बाण असतात. त्यांनी प्रत्येकाच्या पसंतीचे दोन-दोन मागवले. इतिवृत्तात 'सर्वसंमतीने' हा शब्द लिहिताना त्यांचं अक्षर पूर्वीसारखं वळणदार आलं.

"बाबा, सहा बाण सहा दिशांना जातील," उन्नती म्हणाली.

"तीन," तळवडेकर म्हणाले. "दोन-दोन आहेत."

स्पर्धेच्या रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून लोक वाडीत जमले. चिठ्ठ्या टाकल्या. तळवडेकरांच्या वाट्याला मधलं रानडुक्कर आलं. डावीकडचं भेकर स्टीवनला, उजवीकडचा बिबट्या सालोमी टीचरला. सगळ्यांचे बाण काळे, एकसारखे, म्हणून नियम सोपा होता: जनावरात घुसलेला बाण ज्याचं जनावर त्याचा. धडात तीन गुण, बाकी कुठेही एक.

तळवडेकरांनी बाण सेवाज्येष्ठतेने लावले. आधी समितीच्या अध्यक्षांचे, म्हणजे मनोरमाबाईंचे दोन, मग बॅप्टिस्टचे, शेवटी उन्नतीचे. पहिला बाण त्यांनी रानडुकराच्या बरोबर मध्यावर धरला आणि सोडला. कडक बाण डावीकडे गेला आणि भेकराच्या छातीत शिरला.

"तीन," पंच म्हणाले. "स्टीवनला."

"थँक यू, काका," स्टीवन म्हणाला. त्याने अजून धनुष्य उचललंही नव्हतं.

दुसरा बाणही भेकरात. स्टीवन नुसता उभा राहून सहा गुणांवर पोचला आणि मोबाइल काढून घरी कळवू लागला.

बाण डावीकडे जातात, हे तळवडेकरांच्या लक्षात आलं. म्हणून बॅप्टिस्टचा बाण लावून त्यांनी नेम चांगला हातभर उजवीकडे धरला. हा बाण मुळात उजवीकडे जाणारा होता. तो शेपटीसारखा हलत, जणू कोणाला तरी शोधत, थेट बिबट्याच्या बरगडीत घुसला. त्याच्या मागोमाग चौथाही गेला. सालोमी टीचरनी शाळेत हुशार मुलाकडे बघतात तसं त्यांच्याकडे बघितलं.

"काका, इतका सुंदर नेम मी आजपर्यंत पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "फक्त जनावर चुकतंय."

आतापर्यंत तळवडेकरांनी बारा गुण कमावले होते आणि त्यांच्या नावावर शून्य होतं. सरबताच्या टेबलावर कोणीतरी ट्रे पुसत होतं. त्यांनी हात वर करून समितीची तातडीची बैठक मागितली. पंचांनी तीन मिनिटं दिली.

"डावीकडे धरा," मनोरमाबाई म्हणाल्या.

"उजवीकडेच, पण वर," बॅप्टिस्ट म्हणाले. "आणि बाण माझेच वापरा, दोन्ही बिबट्यातून काढून आणतो."

"सरळ धरा," उन्नती म्हणाली. "हे पाचशेचे आहेत. सरळ जातात."

तळवडेकर तिघांचं ऐकत पाचवा बाण ताणून उभे होते. मनोरमाबाई डावीकडे म्हणाल्या की ते डावीकडे वळत, बॅप्टिस्ट बोलले की उजवीकडे. प्रेक्षक त्यानुसार आडवे होत आणि पुन्हा उठत. तळवडेकरांच्या सोसायटीतले सदानंद तर आडवेच राहिले, उगाच दगदग नको म्हणून. शेवटी तळवडेकरांच्या बोटांनी समितीची वाट न पाहता परस्पर निर्णय घेतला. बाण आकाशाकडे गेला आणि केळीच्या घडात रुतला. घड बॅप्टिस्टचाच होता. पंचांनी नियमावली चाळली. केळ्याला गुण नव्हते.

एक बाण उरला.

"मी सांगते तसं करा," मनोरमाबाई म्हणाल्या.

"मी काय म्हणतो, आत्मारामभाऊ," बॅप्टिस्ट म्हणाले.

समोर करुण डोळ्यांचं रानडुक्कर वाट बघत होतं. त्यालाही आता कंटाळा आला असावा. तळवडेकरांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, इतिवृत्ताची वही मागवली आणि उभ्या उभ्या एक ओळ लिहिली: 'समिती बरखास्त करण्यात येत आहे.' खाली सही केली. दुसऱ्या सहीची जागा त्यांनी सवयीने मोकळी सोडली होती. तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तिथेही स्वतःचीच सही केली.

मग त्यांनी बाण लावला. बरखास्त झालेल्या समितीला बोलता येत नाही, हे मनोरमाबाईंना चौतीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. नेम सरळ धरला. सोडला.

बाण रानडुकराच्या पार्श्वभागात शिरला आणि तिथेच थोडा वेळ हलत राहिला.

पंच जवळ गेले, वाकले. "धडात धरायचं का?"

"एक द्या," तळवडेकर म्हणाले. "एक पुरे."

पंचांनी एक लिहिला. शेवटी स्टीवन स्वतःच्या गुणांत हे सहा फुकटचे मिळवून पहिला आला आणि त्याने त्याबद्दल लाजायचा प्रयत्न केला. तळवडेकरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी रानडुक्कर उचललं, बाणासकट काखेत मारलं आणि वाडीच्या फाटकाकडे निघाले.

"आत्मारामभाऊ, ते मंडळाचं आहे," बॅप्टिस्ट म्हणाले.

"बुधवारी आणून देतो."

"अहो, पण घरात ठेवायचं कुठे? जरा विचारा तरी."

"सोफ्यावर," तळवडेकर म्हणाले, आणि रिक्षेला हात केला.

रिक्षावाल्याने आधी जनावराकडे पाहिलं, मग बाणाकडे, मग त्यांच्याकडे. "गोखिवरे," तळवडेकर म्हणाले. "आणि हळू चालवा. जखमी आहे."