गटाचं पहिलं एकमत

आमच्या मंडप-डेकोरेशन संघटनेनं यंदा सभासदांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. विषय : मंडपाला आग लागू नये म्हणून काय करावं. चार-चार जणांचा गट. सगळ्यांनी मिळून शिकायचं आणि शेवटी एकमेकांना दहापैकी गुण द्यायचे, तेही गुप्तपणे. सरासरी सहाच्या खाली गेली की नापास. अध्यक्षांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "केयूर, पास हो, अकोल्याच्या केंद्रावर मार्गदर्शक म्हणून तुलेच पाठवतो." मी त्याच दिवशी बॅग भरली.

गटात बडनेऱ्याचे भगवंतराव, चांदूर बाजारच्या जमुनाताई आणि भातकुलीचे पुंजाजी. तिघांची मंडपातली वर्षं मिळून शंभर, मोबाइलमधली शून्य. भगवंतरावांचा कॅमेरा दोन महिने छताकडेच होता. त्यांच्या फॅनचं एक पातं वाकडं आहे हे मला पाठ झालं. 'शॉर्टसर्किट झाल्यास प्रथम काय कराल?' या प्रश्नाखाली पुंजाजींनी लिहिलं, 'राम राम.' त्याखाली जमुनाताई : 'पुंजाजींशी सहमत.'

तरी मी रोज संध्याकाळी एकेक बटण शिकवलं. गुण कसे द्यायचे तेही. "ताऱ्यावर बोट ठेवा. कोणाले कळत नाही." मी तिघांनाही दहा-दहा तारे दिले.

निकाल लागला. तिघं पास. मला एक, एक आणि एक. दोन महिन्यांत आमच्या गटाचं कशावरही जमलं नव्हतं.

बडनेऱ्याला गेलो, तर तिघं भगवंतरावांकडे चहा पीत बसलेले. भगवंतरावांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. वर फॅन दिसला तेव्हा खात्री पटली.

"काहून केलं असं?"

"बस ना बाप्पा," जमुनाताई म्हणाल्या. "च्या घे."

"ताई, मले एक तारा दिला तुमी."

"शून्यच देनार होती. तूच तं शिकवलं, एकाच्या खाली जाता येत नाही म्हनून."

"तू अकोल्याले गेला असता, लेका," भगवंतराव म्हणाले. "मंग दुसरा भाग आमाले कोन शिकवन? जीव हाय आमचा तुह्यावर."

"माही जागा गेली. काल दुसऱ्याले देली."

"जागा काय, येते-जाते," पुंजाजी म्हणाले. 'राम राम'नंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"नियम पहिल्याच धड्यात होता," मी म्हटलं. "नापास झाला त्यानं पहिला भाग पुन्हा कराचा, नव्या गटात. तुमी तिघं गेले दुसऱ्या भागात. आता आपला गटच नाही."

जमुनाताईंनी बशी खाली ठेवली. भगवंतरावांनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मंग आमाले बी नापास कर. कोनतं बटन दाबाचं, दाखव."

मी चहा तसाच सोडून उठलो. तिघांकडेही पाहवेना, म्हणून वर पाहिलं. वाकडं पातं इमानदारीत फिरत होतं. निघताना निरोप मी त्याचाच घेतला.