अकरा बिया आणि मी

मी मातीचा घडा बोलतोय. जरा खाली बघा, नाहीतर ठेच लागेल. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे मी. वर दिसतं ते फक्त माझं तोंड आणि त्यावर झाकलेली फरशी.

मला टुसॉन या वाळवंटातल्या शहरात चेला बोहोर्केस नावाच्या बाईंनी घडवलं. झिलई दिली नाही, त्यामुळे पाणी भरलं की मी पाझरायचो आणि टेबल ओलं व्हायचं. त्यांच्या सूनबाई वैतागल्या. "हा घाम्या आधी बाहेर काढा!" दोन वर्षं मी परसात उलटा पडून होतो. पोटात सरडे राहायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शेजारी मार्लिस आणि व्हर्नन हे म्हातारं जोडपं राहायचं. व्हर्ननच्या गुडघ्यांना कोरडी हवा मानवते, म्हणून उत्तरेकडचं बर्फाळ मिनेसोटा सोडून इथे आलेलं. मार्लिसचं मन मात्र काही रमेना. आमच्याकडे तळी, आमच्याकडे हिरवळ, असं तिचं सारखं चालायचं. हे वाळवंट कायम 'तुमच्याकडे'.

तिच्या आईने जपलेलं स्वीट पी या सुवासिक फुलवेलीचं बी तिने पाकिटातून आणलं होतं. दरवर्षी पेरायची, आणि कोवळे कोंब आठवड्यात करपून जायचे. शेवटी अकरा बिया उरल्या.

"ह्या गेल्या की मी बहिणीकडे परत चालले," ती व्हर्ननला म्हणाली. "तुझे गुडघे तू सांभाळ."

व्हर्नन एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करतो. त्या दिवशी त्याने केला नाही.

चेलाबाईंनी हे भिंतीपलीकडून ऐकलं. "बाई गं, पेरतेस तरी कधी?"

"मे महिन्यात. आई सांगायची, बर्फ वितळलं की पेरायचं."

चेलाबाई हसत सुटल्या. "इथे कुठलं बर्फ वितळायची वाट बघतेस? फ्रीजमधलं? ऑक्टोबरात पेर."

"थंडीच्या तोंडावर? आमच्याकडे वेड्यात काढतील."

"काढू देत. आणि हा घाम्या घेऊन जा. ह्याची खोड तुझ्या कामाची आहे."

मग ऑक्टोबरात मार्लिसने मला तिच्या अंगणात पुरलं, पाण्याने भरलं आणि माझ्याभोवती अकरा बिया पेरल्या. नऊ उगवल्या. मी हळूहळू पाझरत राहिलो आणि मुळं मला बिलगत गेली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाझरण्यावर कुणी वैतागलं नाही.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. मार्लिस थंडीत वाढलेली, तिने वेलांवर चादर घातली. पण मला काठोकाठ भरून ठेवलं होतं, ते विसरली. पाणी गोठलं आणि माझ्या गळ्यापासून पोटापर्यंत तडा गेला. तो लक्षात यायला दोन-तीन आठवडे गेले.

"टाक काढून, दुसरा देते," चेलाबाई म्हणाल्या.

मार्लिसने बोटाने माती बाजूला केली. तड्यातून पांढरी मुळं आत शिरली होती. "राहू दे," ती म्हणाली. "त्यांनी घर केलंय इथे."

तेव्हापासून ती मला तड्याच्या खालपर्यंतच भरते.

फेब्रुवारी सरता सरता फुलं आली. जांभळी, गुलाबी, एक तर दुधासारखं पांढरं. मार्लिस मटकन खालीच बसली. "व्हर्नन! अरे, वाळवंटात! आईची फुलं!"

"ठाऊक आहे. खुर्चीतच वास आला मला." तो काठी टेकत आला. म्हणाला, "मग, बहिणीकडे कधी?"

मार्लिसने एक फूल नाकाशी धरलं. फुलांकडेच बघत राहिली.

आता उन्हं तापलीत. वेल वाळले. वाटीभर बी निघालं. माझं एकच मागणं आहे, मला उकरू नका. तडा असला तरी अर्धा घडा पाणी राहतं, आणि तेवढं नऊ वेलांना पुरतं.

काल बहिणीचा फोन आला. मार्लिस माझ्याशेजारी बसून बोलत होती. "बी पाठवते गं. तुमच्याकडे आता बर्फ वितळलं असेल, लगेच पेर."

बहिणीने काहीतरी विचारलं असावं.

"छे, आत्ता कुठे?" मार्लिस म्हणाली. "आमच्याकडे ऑक्टोबरात पेरतात."

खुर्चीत व्हर्ननने मान वर केली. मार्लिसच्या ते लक्षातही आलं नाही. तिने बोलता बोलता माझ्यावरची फरशी सरकवली आणि पाणी भरायला घेतलं.